मृत्युपत्र सापडणे आणि मृत्युपत्र सिद्ध होणे

कपाटाच्या खणात एक बंद पाकीट सापडते, त्यावर वडिलांच्या अक्षरात ‘मृत्युपत्र’ असे लिहिलेले असते आणि मालमत्तेचा प्रश्न आता सुटला असे घरातल्या सगळ्यांना वाटू लागते. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या वेळी तो कागद हा केवळ एक दावा असतो. तो अखेरचा आहे की नंतर दुसरा केला गेला, तो योग्य रीतीने साक्षांकित झाला आहे की नाही, सही त्यांचीच आहे की नाही, यांपैकी कशाचीही तपासणी तोवर झालेली नसते. उलट, पाकीट सापडले नाही म्हणून मृत्युपत्र केलेच नव्हते असेही म्हणता येत नाही. मृत्युपत्राचा शोध आणि त्याची सिद्धता ही दोन निराळी कामे आहेत, आणि वारसांमध्ये पुढे जे गैरसमज वाढत जातात त्यांतले बरेचसे ही दोन्ही कामे एकच मानल्यामुळे निर्माण होतात. येथे ती दोन्ही भारतीय कायद्याच्या, त्यातही महाराष्ट्रातील व्यवहाराच्या, अंगाने समजून घेऊ.

शोध कोठून सुरू करावा

भारतात मृत्युपत्रांची एकच मध्यवर्ती नोंदवही नाही. कोणत्याही एका खिडकीवर जाऊन ‘अमुक व्यक्तीचे मृत्युपत्र आहे का’ असे विचारण्याची सोय नसल्यामुळे शोध त्या व्यक्तीच्या सवयींच्या मागाने घ्यावा लागतो. घरातले कपाट, देव्हाऱ्याखालचा खण, जुन्या विमा पॉलिसींची फाइल या जागा सगळे पाहतात. त्या व्यक्तीचे वकील, चार्टर्ड अकाउंटंट आणि नेहमीचे डॉक्टर यांना विचारायचे मात्र राहून जाते. वयस्कर माणसाने मृत्युपत्र करताना त्याची मानसिक स्थिती चांगली असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडण्याची पद्धत आहे, त्यामुळे मृत्युपत्र कोठे आहे हे डॉक्टरांना ठाऊक नसले तरी ते साधारण कधी झाले हे त्यांच्याकडून कळू शकते. बँकेच्या पासबुकात वकिलांना दिलेली रक्कम किंवा लॉकरच्या भाड्याची दरवर्षीची वजावट दिसली, तर पुढे कोठे चौकशी करायची ते आपोआप ठरते. साक्षीदार म्हणून बहुधा जुना सहकारी किंवा शेजारी घेतलेला असतो, आणि कोणी विचारल्याशिवाय तो आपणहून सांगायला येत नाही.

सापडलेल्या मूळ कागदाला हात लावतानाही काळजी घ्यावी. त्यावर खुणा करू नयेत, टाचण्या काढून पाने सुटी करू नयेत आणि पाकीट बंद असेल तर ते शक्यतो सर्व वारसांच्या समक्ष उघडून, ते कोठे, कधी आणि कोणाच्या हाती आले याची साधी लेखी टिपणी करावी. पाने बदलल्याचा आरोप पुढे झाला, तर ही टिपणी फार उपयोगी पडते. लॉकरच्या बाबतीत बँक साक्षीदारांसमोर आतील वस्तूंची यादी करते आणि त्या नामनिर्देशित व्यक्तीच्या ताब्यात देते. त्या यादीत मृत्युपत्राचे पाकीट आले, तर ते तेथे होते याचा तो एक स्वतंत्र पुरावा ठरतो.

यानंतर निबंधक कार्यालयाकडे वळावे. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे, त्यावर मुद्रांक शुल्क लागत नाही, ते साध्या कागदावर केलेले चालते आणि ते कोणत्याही निबंधक किंवा दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवता येते. ही मोकळीक मृत्युपत्र करणाऱ्याच्या सोयीची असली तरी शोधणाऱ्याला ती जड जाते, कारण नाशिकला राहणाऱ्या माणसाने नोकरीच्या काळात ठाण्यात मृत्युपत्र नोंदवलेले असू शकते. म्हणून ती व्यक्ती जेथे जेथे राहिली किंवा जेथे जेथे तिची मालमत्ता होती, तेथील कार्यालयांत मृत्यूच्या दाखल्यासह अर्ज करावा. नोंदलेली मृत्युपत्रे ‘पुस्तक क्रमांक ३’ मध्ये लिहिली जातात. जमिनीच्या खरेदीखतांचे पुस्तक क्रमांक १ कोणालाही पाहता येते, पण पुस्तक ३ मधील नोंदीची नक्कल मृत्युपत्र करणाऱ्याच्या हयातीत केवळ त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. त्याच्या मृत्यूनंतर मात्र कोणीही अर्ज करून नक्कल मागू शकतो. नावावर मृत्युपत्र सापडत नाही असे वडील हयात असताना ऐकलेले असेल, तर ते उत्तर त्यांच्या पश्चात ग्राह्य धरू नये.

याच कायद्यात आणखी एक सोय आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. मृत्युपत्र सीलबंद पाकिटात घालून, मजकूर कोणालाही न दाखवता, निबंधकाकडे जमा करता येते. अशा वेळी ते नोंदलेले नसून फक्त ठेवलेले असते, त्यामुळे नोंदणीचा शोध घेतल्यावरही ते हाती लागत नाही. ठेवींची चौकशी वेगळी करावी लागते, आणि ती दुय्यम निबंधकाकडे न करता जिल्हा स्तरावरील निबंधकाकडे करावी लागते. मृत्यूनंतर अर्ज केल्यास निबंधक अर्जदारासमोर पाकीट उघडतो, अर्जदाराच्या खर्चाने मजकूर पुस्तक ३ मध्ये उतरवून घेतो आणि मूळ कागद पुन्हा आपल्याकडेच ठेवतो. मृत्युपत्र करणाऱ्याच्या हयातीत नोंदणी राहून गेली असेल, तर ती मृत्यूनंतरही करता येते. त्यासाठी मृत्युपत्र खरे असल्याबद्दल निबंधकाचे समाधान व्हावे लागते.

मृत्युपत्र एखाद्या नातेवाइकाच्या ताब्यात आहे अशी खात्री असूनही तो ते दाखवत नसेल, तर भांडणात वेळ घालवण्याची गरज नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २६७ खाली जिल्हा न्यायाधीश त्या व्यक्तीला कागद हजर करण्याचा आदेश देऊ शकतात. कपटाने मृत्युपत्र दडवणे किंवा नष्ट करणे हा गंभीर फौजदारी गुन्हा आहे.

विश्वस्त व्यवस्था असेल तर

काही कुटुंबांत मालमत्ता मृत्युपत्राने न देता हयातीतच खासगी ट्रस्टमध्ये ठेवलेली असते. ट्रस्टमध्ये गेलेली मालमत्ता त्या व्यक्तीच्या वैयक्तिक मालकीची उरत नाही, त्यामुळे मृत्युपत्रात तिचा उल्लेख असला तरी तो निष्फळ ठरतो. प्रथम ट्रस्टचा शोध घ्यावा असे म्हणतात ते यासाठी. भारतीय विश्वस्त अधिनियम, १८८२ नुसार स्थावर मालमत्तेचा ट्रस्ट एक तर मृत्युपत्राने किंवा नोंदणीकृत लेखाने करावा लागतो. म्हणून घर किंवा जमीन ट्रस्टमध्ये असेल, तर त्याचा माग स्थावराच्या दस्तांमध्ये लागतो. फक्त शेअर, ठेवी किंवा दागिने असतील तर अशी नोंद सक्तीची नसल्यामुळे ट्रस्टच्या नावाचे पॅन कार्ड, बँक खाते, डिमॅट खाते आणि प्राप्तिकराची विवरणपत्रे यांवर भिस्त ठेवावी लागते. विश्वस्त कोण हे कळले की लाभार्थ्याचे हक्क पुरेसे भक्कम आहेत: तो ट्रस्टचा लेख आणि हिशेब पाहू शकतो, आणि विश्वस्ताला त्याची मागणी टाळता येत नाही. धर्मादाय ट्रस्ट हा वेगळा प्रकार असून महाराष्ट्रात त्याची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असते.

कागद वैध केव्हा ठरतो

बहुतेक भारतीयांच्या मृत्युपत्रांना १९२५ च्या अधिनियमाचे कलम ६३ लागू होते. मृत्युपत्र करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा. किमान दोन साक्षीदारांनी त्याला सही करताना पाहिलेले असावे, किंवा ही सही आपलीच असे त्याने त्यांना सांगितलेले असावे. आणि त्या प्रत्येकाने त्याच्या समक्ष स्वतःची सही केलेली असावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असले पाहिजेत अशी अट नाही आणि त्यांना मजकूर ठाऊक असण्याचीही गरज नाही. मुस्लिम व्यक्तीच्या बाबतीत नियम वेगळे आहेत: तेथे तोंडी मृत्युपत्रही चालू शकते, पण अंत्यविधीचा खर्च व कर्जे वजा केल्यावर उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्यात उत्तराधिकाराचा कायदाच निराळा असल्याने तेथील वाचकांनी हा मजकूर जसाच्या तसा लावू नये.

‘मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता हे लिहून देत आहे’ हे वाक्य मराठी मृत्युपत्रांत हमखास असते. ते असावे, पण त्याने काही सिद्ध होत नाही. मृत्युपत्र न्यायालयात वादात आले, तर किमान एका साक्षीदाराला, तो हयात असून साक्ष देण्यास समर्थ असल्यास, बोलवावेच लागते. पूर्वी भारतीय पुरावा अधिनियमात असलेला हा नियम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. साक्षीदार हयात नसतील तर त्यांच्यापैकी एकाचे आणि मृत्युपत्र करणाऱ्याचे हस्ताक्षर ओळखणारी माणसे शोधावी लागतात. साक्षीदार स्वतःपेक्षा वयाने बराच लहान निवडावा, हा जुन्या वकिलांचा सल्ला याच अनुभवातून आलेला आहे.

नोंदणीबद्दलचा गैरसमजही येथेच दूर करायला हवा. नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र खरे ठरले असे नाही. ठरावीक व्यक्तीने ठरावीक दिवशी कार्यालयात येऊन तो कागद सादर केला, एवढेच त्यातून दिसते. दोन मृत्युपत्रे असतील तर नंतरचे लागू होते, मग आधीचे नोंदलेले आणि नंतरचे साधे असले तरीही. मृत्युपत्राचा मोठा वाटा ज्याला मिळतो त्यानेच ते तयार करण्यात पुढाकार घेतला असेल, सही थरथरती असेल किंवा पत्नी-मुलांना काहीही कारण न देता वगळले असेल, तर अशा संशयास्पद परिस्थितीचा खुलासा करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ पासून वारंवार सांगितले आहे.

प्रोबेट म्हणजे काय

प्रोबेट म्हणजे सक्षम न्यायालयाच्या शिक्क्यानिशी प्रमाणित केलेली मृत्युपत्राची प्रत, आणि तिच्यासोबत मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचा दिलेला अधिकार. हा अधिकार फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकाला, म्हणजे ज्याला सगळे एक्झिक्युटर म्हणतात त्याला, मिळतो. मृत्युपत्रात एक्झिक्युटर नेमलेला नसेल, तो आधीच वारला असेल किंवा त्याने नकार दिला असेल, तर मृत्युपत्राने ज्याला वाटा मिळतो तो वाटेकरी ‘मृत्युपत्रासह लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन’ मागू शकतो; नाव लांबलचक असले तरी परिणाम जवळपास तोच होतो. प्रोबेटचे बळ असे की तो निर्णय केवळ अर्जदार आणि विरोधक यांच्यापुरता न राहता सर्वांवर बंधनकारक होतो. न्यायालयाने एकदा मृत्युपत्र खरे ठरवले की बँक, गृहनिर्माण संस्था किंवा दूरचा भाऊबंद यांना तो प्रश्न पुन्हा उकरता येत नाही, अपवाद फक्त लबाडीसारख्या कारणाने प्रोबेट रद्द करून घेण्याचा.

प्रोबेट सक्तीचे आहे का, या प्रश्नाचे उत्तर अलीकडे बदलले आहे आणि इंटरनेटवर अजूनही जुनेच उत्तर फिरते आहे. १९२५ च्या अधिनियमातील कलम २१३ मुळे हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशी व्यक्तींच्या ठरावीक मृत्युपत्रांच्या आधारे प्रोबेटशिवाय न्यायालयात हक्क सांगता येत नसे, आणि ही अट प्रामुख्याने मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या जुन्या इलाखा शहरांशी जोडलेली होती. परिणामी दादरच्या फ्लॅटच्या मृत्युपत्राला प्रोबेट लागे आणि पुण्याच्या फ्लॅटला लागत नसे, तेही दोघे मालक एकाच धर्माचे असताना. मुस्लिमांना तर ती अट नव्हतीच, आणि भारतीय ख्रिस्ती व्यक्तींना २००२ मध्ये वगळले गेले. इंग्रजी अमलातल्या सीमारेषांवर बेतलेला हा भेद डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने कलम २१३ वगळून संपवला.

सक्ती गेली असली तरी प्रोबेटची तरतूद तशीच आहे. भांडणाची शक्यता असेल, वारसांपैकी कोणाला कमी दिले असेल, मोठी स्थावर मालमत्ता पुढे विकायची असेल किंवा साक्षीदार वयाने थकलेले असतील, तर ऐच्छिक प्रोबेट घेणे शहाणपणाचे आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आज हयात असलेला साक्षीदार दहा वर्षांनी उपलब्ध असेलच असे नाही. तिघे भाऊबहीण एकमताचे असतील आणि मालमत्ता एका घरापुरती असेल, तर तेवढा खर्च आणि वेळ घालवण्यापूर्वी संबंधित बँक आणि संस्था नेमके कोणते कागद मागतात हे लेखी विचारून घ्यावे.

अर्जापासून आदेशापर्यंत

मृत व्यक्ती ज्या जिल्ह्यात राहत होती किंवा जेथे तिची मालमत्ता आहे तेथील जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. उच्च न्यायालयालाही हा अधिकार आहे. अर्जात मृत्यूची तारीख, सोबतचा कागद हेच अखेरचे मृत्युपत्र आहे आणि ते विधिवत केले आहे असे कथन, मालमत्तेचा अंदाजे तपशील व किंमत आणि अर्जदार एक्झिक्युटर असल्याचे विधान असते. मूळ मृत्युपत्र न्यायालयात जमा होते. न्यायालयीन शुल्क मालमत्तेच्या किमतीवर आकारले जाते. त्यानंतर वारसांना नोटिसा निघतात आणि बहुधा वृत्तपत्रातही जाहीर नोटीस दिली जाते. ज्याचा आक्षेप असेल तो कॅव्हेट, म्हणजे आपले म्हणणे ऐकल्याशिवाय प्रोबेट देऊ नये असा लेखी अर्ज, दाखल करतो, आणि तसे झाले की साध्या अर्जाचे रूपांतर नियमित दाव्यात होऊन साक्षीपुरावे, उलटतपासणी सुरू होते. विरोध नसलेला अर्ज महिन्यांत निकाली निघू शकतो, विरोधाचा दावा मात्र वर्षानुवर्षे चालतो.

मृत्यूनंतर सात दिवस उलटल्याशिवाय प्रोबेट दिले जात नाही. दुसऱ्या टोकाला तीन वर्षांची मर्यादा आहे. ती मृत्यूच्या दिवसापासून नव्हे तर अर्ज करण्याचा हक्क निर्माण झाल्यापासून मोजायची असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले. उशीर झाला असेल तर त्याचे खरे कारण सविस्तर मांडावे, कारण न सांगितलेला उशीर हाच मृत्युपत्रावरचा एक संशय बनतो. मूळ कागद हरवला असला तरी दार बंद होत नाही. विश्वासार्ह प्रत किंवा मसुदा असल्यास त्यावरही प्रोबेट मिळू शकते, मात्र मृत्युपत्र करणाऱ्याने तो कागद स्वतःच फाडून रद्द केला नव्हता हे पटवून द्यावे लागते.

प्रोबेट न्यायालय काय ठरवत नाही हेही तितकेच महत्त्वाचे आहे. मृत्युपत्र खरे आहे की नाही एवढेच ते पाहते. ज्या घराचा त्यात उल्लेख आहे ते घर मुळात त्या व्यक्तीच्या मालकीचे होते की एकत्र कुटुंबाचे, हा वाद दिवाणी दाव्यातच सुटतो. वडिलोपार्जित वाडा आजोबांनी एका नातवाला लिहून दिला आणि त्याला प्रोबेट मिळाले, तरी त्या वाड्यात इतरांचा हिस्सा असल्यास तो बुडत नाही.

नॉमिनी, वारस दाखला आणि फेरफार

नॉमिनी म्हणजे मालक ही समजूत सर्वांत चिवट आहे. विम्याच्या बाबतीत १९८४ मध्ये आणि शेअर व म्युच्युअल फंडांच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नामनिर्देशन हे पैसे कोणाच्या हाती द्यावेत एवढ्यापुरते असते. अखेर ते ज्याला द्यायचे तो वारस किंवा मृत्युपत्रातील वाटेकरी असतो. विमा कायद्यात २०१५ मध्ये केलेल्या बदलाने आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असल्यास त्यांना लाभाचाही हक्क दिला, त्यामुळे विम्याचा विचार वेगळा करावा. सातबाऱ्यावरचा फेरफारदेखील मालकीचा पुरावा नव्हे. तो महसूल वसुलीसाठीची नोंद आहे.

मृत्युपत्र सापडलेच नाही तर मालमत्ता त्या व्यक्तीला लागू असलेल्या वारसा कायद्याप्रमाणे जाते, आणि येथे दोन प्रमाणपत्रांत गल्लत होते. उत्तराधिकार प्रमाणपत्र, ज्याला बँकेत सक्सेशन सर्टिफिकेट म्हणतात, ते येणी, ठेवी व रोखे यांपुरतेच असते आणि घर-जमिनीला लागू होत नाही. महाराष्ट्रात न्यायालयाकडून मिळणारा वारस दाखला १८२७ च्या मुंबई विनियमाखालचा आहे, आणि दोनशे वर्षांच्या उंबरठ्यावर असलेला तो जुना विनियम आजही रोज वापरला जातो. मृत व्यक्तीच्या विसरलेल्या बँक ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘उद्गम’ पोर्टलवर नावाने शोध घेता येतो. मृत्युपत्रात नमूद नसलेली खातीही तेथे हाती लागू शकतात.

प्रोबेट मिळाल्यावर एक्झिक्युटरने सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब न्यायालयात सादर करायचा असतो, आणि वाटप करण्याआधी अंत्यविधीचा खर्च व कर्जे फेडायची असतात. घाईने वाटप करून नंतर सावकार पुढे आला तर त्याची जबाबदारी एक्झिक्युटरवर येऊ शकते. मूळ मृत्युपत्र कुटुंबाला परत मिळत नाही, ते न्यायालयाच्या अभिलेखात राहते, म्हणून प्रमाणित प्रती सुरुवातीलाच पुरेशा संख्येने मागून घ्याव्यात. १९२५ च्या अधिनियमाचे कलम २९४ तर असे सांगते की मृत्युपत्रांची सार्वजनिक नोंदवही स्थापन होईपर्यंत ही मूळ मृत्युपत्रे न्यायालयाने जपून ठेवावीत. शंभर वर्षे झाली तरी ती नोंदवही स्थापन झालेली नाही, आणि त्यामुळेच आजोबा-पणजोबांच्या मालमत्तेचा गुंता सोडवणाऱ्याने दुय्यम निबंधकाकडून निराश होऊन परतल्यावर जिल्हा न्यायालयाच्या किंवा मुंबईतील उच्च न्यायालयाच्या मृत्युपत्रविषयक विभागाच्या जुन्या अभिलेखात एकदा अर्ज करून पाहावा.